जमीन डावीकडे कलते

२० सप्टेंबर

वही लेकीनं, नझीहानं पाठवली. कुठल्या झाडाला किती घड ते सगळं डोक्यात ठेवतोस बाबा, आता लिहून ठेवत जा, असा निरोप सोबत. म्हणून लिहायला बसलो.

यंदा पहिल्यांदाच खजुराच्या तोडणीची टोळी माझी आहे. नऊ माणसं, एकशे ऐंशी झाडं. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या टोळीत शेंड्यावरचा माणूस होतो. सगळ्यात वर बसायचं, घड कापायचा आणि खाली खोडाला चिकटून बसलेल्याच्या हातात द्यायचा. तो त्याच्या खालच्याला देतो, आणि असं करत करत घड एक दाणा न सांडता जमिनीवर पोचतो. आता टोळी माझी असली तरी शेंडा मी कुणाला देणार नाही. शेदलिया म्हणाली, बावन्नाव्या वर्षी माणसं खाली उतरतात, माझा नवरा वर निघालाय.

२४ सप्टेंबर

मान धरली. चार दिवस घडांना जाळ्या बांधतोय, तोंड सारखं आभाळाकडे. आज सरळ जिलानीच्या हमामात गेलो.

जिलानी आणि मी एकाच वर्गात होतो, एकाच दिवशी शाळा सोडली. मी झाडावर गेलो आणि तो वाफेत गेला. आमच्या नेफ्ता गावात मालिश म्हटलं की त्याचंच नाव निघतं. गरम दगडावर पालथं पाडून त्यानं पाठ कोपरानं चेचली, मग उठवून बसवलं, डोकं दोन्ही तळहातांत धरलं आणि म्हणाला, श्वास सोड. सोडला आणि कट्ट. आधी उजवीकडे, मग डावीकडे. म्हणाला, "ऐकलंस? गंजकं बिजागर होतं, आज उघडलं." घरी येताना पायांना वजनच नव्हतं.

२७ सप्टेंबर

मान फिरते छान. पण डाव्या कानामागे, कवटी संपते तिथं, एक दुखणं येऊन बसलंय. असं कधी दुखलं नव्हतं. जिलानीला विचारलं तर म्हणाला, तीस वर्षांचा गंज आहे, निघताना दुखणारच.

१ ऑक्टोबर

दुपारी जेवताना एकाएकी खोली फिरली. चमचा तोंडाशी होता. समोरच्या दाराची दोन दारं झाली, एक थोडं वर, एक थोडं खाली. पोटातलं सगळं घशाशी आलं. मी ताटलीची कड घट्ट धरून बसलो, जणू तीच एक जागेवर होती. पाच मिनिटांनी सगळं थांबलं. शेदलिया स्वयंपाकघरात होती, तिला काही कळलं नाही. तोडणी बारा दिवसांवर आलीय.

३ ऑक्टोबर

काल परत तसंच झालं, म्हणून दवाखान्यात गेलो. तरणा डॉक्टर आहे, बाहेर रांग होती. म्हणाला, कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे हलले की जग फिरतं, घाबरायचं कारण नाही. आडवं करून माझं डोकं या अंगाला, मग त्या अंगाला वळवलं. गोळ्या दिल्या.

फार हलकं वाटलं. कानातले खडे म्हणजे काय, बुटातल्या खड्यासारखेच. दाराची दोन दारं झाली होती हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी झाडावर चढतो हेही सांगितलं नाही.

५ ऑक्टोबर

डावा खांदा आज तीनदा चौकटीला घासला. शेदलिया म्हणाली, घर तेच आहे, दार तेच आहे, तुझं काय बिनसलंय? मी कानातल्या खड्यांचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तोझरच्या मोठ्या इस्पितळात जाऊ. मी म्हटलं, तोडणी झाली की जाऊ. तिनं ताटं आपटली.

६ ऑक्टोबर

परत हमाम. चक्कर येते म्हटल्यावर जिलानी म्हणाला, गेल्या वेळी अर्धंच काम झालं, रक्त वर चढायला वाट नाही. आज त्यानं मान दोनदा मोडली. डावीकडून जोरात. क्षणभर डोळ्यांपुढे पांढरं झालं. मग त्यानं डोक्यावर गार पाणी ओतलं, संत्र्याच्या फोडी भरवल्या. एवढं जीव लावणारा माणूस दुसरा नाही.

९ ऑक्टोबर

उचकी लागलीय. काल सकाळपासून थांबत नाही. टोळीतली पोरं हसतात, म्हणतात कुणीतरी तुमच्या खजुरांवर डोळा ठेवलाय. मीही हसतो. शेदलिया मात्र हसत नाही. जेवताना सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "तुझा डावा डोळा अर्धा मिटलेला का?" म्हटलं, झोप झाली नाही. बहुधा तिचा त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही.

११ ऑक्टोबर

चहाची किटली शेगडीवरून उजव्या हातानं उचलली आणि अंगणापर्यंत नेली. शेदलिया ओरडली तेव्हा बघितलं तर फडकं घ्यायला विसरलो होतो. तळव्यावर मोठा फोड आलाय. मला काही लागलंच नाही. तीस वर्षं खोडं घासून हात असे राठ होतात. तिला सांगितलं, हा चढणाऱ्याचा हात आहे. तिनं फोडावर मध लावलं आणि उठून मोरीत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

१४ ऑक्टोबर

काल तोडणी सुरू झाली. जे झालं ते लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

पहिली तीन झाडं ठीक गेली. चौथं उंच होतं, वरच्या ओढ्याकाठचं. शेंड्यावर बसलो, पहिला घड कापला आणि सगळी बाग डावीकडे ओतली जाऊ लागली. झाड नव्हतं हललं, वारा नव्हता. झावळ्या धरून मी डोळे मिटले तरी आतून फिरतच होतं. मग लाज वाटली, डोळे उघडले आणि घड खाली दिला. माझ्या खाली लारुसी होता, शेदलियाचा धाकटा भाऊ. तो म्हणाला, "दाजी, मी इकडं आहे." मी परत दिला. तो परत म्हणाला, "दाजी, तिकडं कुणी नाही. तुम्ही हवेत देताय."

मग तो त्याची जागा सोडून वर आला. माझा उजवा पाय त्यानं खांद्यावर घेतला आणि हळू आवाजात बोलत राहिला. आता डावा सोडा. आता माझ्या डोक्यावर टेकवा. खोड सोडू नका. असे आम्ही दोघं सोळा मीटर खाली उतरलो. जमिनीवर आल्यावर मी ओकलो आणि डाव्या कुशीवर पडलो. उठवून बसवलं की परत डावीकडे.

सगळ्या टोळीनं बघितलं.

१६ ऑक्टोबर

लारुसीवर राग आहे. त्यानं मला खाली आणायला नको होतं. जरा थांबलो असतो तर थांबलं असतं. आता गावभर झालंय की बेल्गासमला झाड चढवत नाही.

आवाज बसलाय. पाणी प्यायलो ते नाकातून आलं. दोनदा ठसका लागून जीव गेल्यासारखं झालं. शेदलियानं लारुसीला फोन लावला. गाडी घेऊन तो दारात उभा आहे. मी येत नाही म्हणालो तर शेदलिया म्हणाली, "तू चालत गाडीपर्यंत जा. सरळ गेलास तर मी परत काही बोलणार नाही." मी उठतो.

२ नोव्हेंबर, स्फाक्स

सरळ गेलो नाही. भिंतीत गेलो.

तोझर, मग रुग्णवाहिका, मग स्फाक्सचं त्याहून मोठं इस्पितळ. पंधरा दिवस नाकातून नळी होती, त्यातून जेवण. परवा काढली. आता दाट पेज गिळायला शिकवतात. हनुवटी छातीला लावायची, गिळायचं, खाकरायचं. बावन्न वर्षांचा माणूस पेज गिळायला शिकतोय.

मेंदूच्या डॉक्टर बाई आहेत, दलांदा नावाच्या. बारीक, चष्मा लावणाऱ्या, घाईत नसलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं आणि बरोबरच्या शिकाऊ मुलींना दाखवलं की उजवीकडे बघितलं की बुबुळं उजवीकडे उडतात, डावीकडे बघितलं की डावीकडे, कान बिघडला की सहसा असं होत नाही. मग गार चमचा माझ्या उजव्या हातावर ठेवला. मला नुसता चमचा लागला, गारपणा लागला नाही. चेहऱ्याची मात्र डावी बाजू बधिर. त्या म्हणाल्या, चेहरा एका बाजूचा आणि हात दुसऱ्या बाजूचा, असं उलटसुलट करणारी एकच जागा आहे.

काल त्यांनी फोटो दाखवला. मानेच्या हाडांतून मागच्या मेंदूकडे रक्ताच्या दोन नळ्या जातात. माझ्या डाव्या नळीचं आतलं अस्तर फाटलंय, तिथं रक्ताची गुठळी झाली आणि मेंदूच्या देठाचा नखाएवढा तुकडा उपाशी मेला. तोल तिथं, गिळणं तिथं, उचकी तिथं, पापणी तिथं. म्हणजे महिनाभर मला जे वेगवेगळं छळत होतं ते सगळं एकच होतं. कान बिचारा चांगला आहे.

मग त्यांनी विचारलं, "अशी नळी बहुतेक वेळा हिसक्यानं फाटते. मानेला कुणी हिसका दिला होता? अपघात, पडणं, मालिश?"

मी म्हणालो, नाही. झाडावर वर बघावं लागतं, एवढंच.

शेदलिया खुर्चीवर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

३ नोव्हेंबर

बाई गेल्यावर शेदलिया म्हणाली, "तू खोटं का बोललास?" मी म्हणालो, त्यांना नाव कळलं तर उद्या पोलीस विचारायला येतील. ती म्हणाली, कुणी येत नाही, ते तुझ्या नळीसाठी विचारतायत. मग म्हणाली, "तुझा मित्र आहे, म्हणून मी सांगणार नाही. तूच सांग. पण सांग."

संध्याकाळी बाई परत आल्या तेव्हा सांगितलं. नाव नाही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. म्हणाल्या, खात्रीनं कुणी सांगू शकणार नाही, तुमची मान आयुष्यभर मागे वाकलेली. पण दोन वेळा मोडली आणि प्रत्येक वेळी काही दिवसांत त्रास वाढला, तर माझ्या मनात फारशी शंका नाही. आणि दाराशी वळून म्हणाल्या, त्या माणसाला कळायला हवं.

२० नोव्हेंबर

चार दिवस झाले घरी येऊन. काठी घेऊन अंगण ओलांडतो. जमीन अजून डावीकडे कलते. नेहमी नाही, वळताना. रक्त पातळ करायची गोळी रोज.

जिलानी रोज येतो. पहिल्या दिवशी माझं डोकं कुशीत घेऊन रडला. भाजलेल्या सातूचं पीठ दळून आणतो, ऑलिव्ह तेलात पातळ कालवतो आणि चमच्यानं भरवतो, कारण डाव्या हातात वाटी अजून स्थिर राहत नाही. आज म्हणाला, "गड्या, ही सगळी डॉक्टरी आहे. मान आखडलीय तुझी. पालथा हो, दोन मिनिटांत मोकळी करतो." आणि हात पुढे केले.

शेदलिया मध्ये येऊन उभी राहिली. म्हणाली, मानेला कुणी हात लावायचा नाही, डॉक्टरांचा हुकूम आहे. जिलानी हसला, डॉक्टरांना काय कळतंय म्हणाला. ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मी चमचा तोंडात घेतला.

३ डिसेंबर

भिंतीला हात न लावता चाळीस पावलं. मधूनच एक पाऊल डावीकडे निसटतं, पण पडत नाही. डोळे मिटून उभं राहायला सांगितलंय, ते मात्र जमत नाही. डोळे मिटले की मी कुठं आहे तेच कळत नाही.

लारुसी येऊन तोडणीचं सांगून गेला. देगलेत नूर जातीचा खजूर यंदा मधासारखा उतरलाय. शेंड्यावर आता तो बसतो. त्याच्यावरचा राग गेलाय. कधी गेला ते लक्षात नाही. त्याला म्हटलं, तू नसतास तर मी त्या झाडाखाली पडलो असतो. तो संकोचला, म्हणाला, दाजी, तुम्ही जड आहात हो फार.

जिलानीला आज सांगणार होतो. तो सांगत बसला की त्याच्या बापानं त्याला हे हात दिले, दुसरं काही दिलं नाही. मी ऐकत राहिलो.

११ डिसेंबर

मला काय होतंय ते कळत नाही. चक्कर नाही, तरी बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं. शेदलियाशी विनाकारण भांडलो. ती म्हणाली, तुला ओझं आहे, ते उतरव, मग माझ्याशी बोल.

काय सांगू त्याला? तुझ्या हातांनी मला झाडावरून उतरवलं? आणि बाई म्हणाल्याच की खात्री नाही. खात्री नसेल तर माणसाला मोडायचं कशाला?

१२ डिसेंबर

लारुसी खजूर घेऊन आला. बोलता बोलता मानेवर हात फिरवत होता. मी विचारलं, तर म्हणाला, शेंड्यावर बसून धरली होती, परवा जिलानीकाकांकडे जाऊन मोडून आलो, झक्क झालं.

त्यानंतर तो काय बोलला ते मला आठवत नाही.

१३ डिसेंबर

सकाळी काठी घेतली आणि एकटा निघालो. घरापासून हमामापर्यंत चढ आहे. दोनदा भिंतीला टेकलो. हमाम उघडायचा होता, जिलानी आत दगड धूत होता. मला बघून धावत आला, म्हणाला, चालत आलास? लेका, चालत? डोळ्यांत पाणी.

मी बसलोच नाही. बसलो असतो तर परत तेच झालं असतं. उभ्या उभ्या सांगितलं. मानेतली नळी, अस्तर, गुठळी, बाईंचा प्रश्न, माझं खोटं, मग खरं. खात्री नाही हेही सांगितलं.

त्यानं पाण्याचा नळ बंद केला. मला वाटलं तो रागावेल, मला हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तुला हे कधी कळलं?"

"स्फाक्सला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला."

"म्हणजे चाळीस दिवस."

"हो."

"मी तुला रोज भेटायला यायचो, बेल्गासम. आणि इथं येऊन माना मोडायचो."

तो बोटांवर मोजायला लागला. एकेक नाव घेत होता, हळू, जणू त्याच दगडावर एकेकाला बसवून बघत होता. टपालवाला अम्मार. शाळेचा पहारेकरी. सुतार सादोक आणि त्याचा भाऊ. अकरा नावं झाली. बारावं नाव लारुसीचं. तेव्हा त्यानं हात पालथे करून मांडीवर ठेवले.

मी त्याच्या हातांची कीव करत होतो. त्या बारा मानांचा विचार मी एकदाही केला नव्हता.

त्यानं हमाम उघडला नाही. दारावर कुलूप घातलं, माझा डावा दंड धरला आणि म्हणाला, चल. कुठं, विचारलं, तर म्हणाला, घरोघर.

१४ डिसेंबर

काल आणि आज मिळून आठ दारं झाली. आमची जोडी बघण्यासारखी. मी डावीकडे कलतो, तो मला उजवीकडे ओढतो, आणि दारात दोघं उभे राहून विचारतो, मान दुखते का? कवटीखाली? भोवळ? दोन दोन दिसतं? पाणी गिळताना ठसका? टपालवाल्याला वाटलं आम्ही काही विकायला आलोय. सुताराची बायको म्हणाली, त्याला भोवळ येते, पण ती बाटलीची. जिलानी हसला नाही. प्रत्येक दारात प्रश्न मी विचारायचा असं ठरलं होतं, पण विचारायचा तो, आणि दर वेळी शेवटी सांगायचा, "मी तुझी मान मोडली होती. यापैकी काही झालं तर कानाची गोळी घेऊन बसू नकोस. सरळ तोझर." लोक त्याच्याकडे विचित्र नजरेनं बघायचे.

नवव्या दाराआधी आम्ही बागेत गेलो. लारुसी झाडावर होता.

खाली उभं राहून मी वर बघितलं तर सगळं फिरलं. जिलानीनं माझं डोकं धरलं नाही, नुसती माझ्या पाठीला पाठ टेकवून उभा राहिला, म्हणजे मला कळावं मी कुठं आहे. म्हणाला, तू जमिनीकडे बघ, मी वर बघतो. मग सांगत राहिला. बसलाय. घड कापला. खालच्याला दिला. नीट दिला, हातात दिला. आता उतरतोय. डावा पाय खाली. थांबला. मान चोळतोय. उजवा पाय.

मला झाडावरून उतरताना कधी एवढा वेळ लागला नव्हता.

लारुसी खाली आला, म्हणाला, दोघं असे पाठीला पाठ लावून का उभे? मी विचारलं, मान कशी आहे? म्हणाला, उत्तम. मी विचारलं, डाव्या कानामागे? तो म्हणाला, "थोडं धरलंय. काही नाही हो, दाजी."

मी म्हटलं, गाडीची किल्ली दे. तो म्हणाला, अर्धं झाड बाकी आहे. मी म्हटलं, अर्धं झाड राहू दे. मीही थोडं धरलंय असंच म्हणालो होतो.

१५ डिसेंबर

तोझर. त्यांनी लारुसीच्या मानेचा फोटो काढला. आम्ही दोघं बाहेर बाकावर. जिलानीनं आपले हात काखेत दाबून धरले होते, थंडी वाजल्यासारखे. तीन तासांत एकदाच म्हणाला, बापानं मला सांगितलं होतं, कट्ट असा आवाज आला की समज दुखणं गेलं.

डॉक्टर बाहेर आला. नळ्या दोन्ही शाबूत. स्नायू आखडलाय, पंधरा दिवस झाड नको. जिलानी उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी उठून जायला गेलो तर जमीन डावीकडे गेली, म्हणून बाकालाच धरून बसलो.

परतीच्या वाटेवर लारुसी फणफणत होता. दोन दिवसांची तोडणी गेली, टोळी रिकामी बसली, गाव हसणार, आणि हे सगळं कशासाठी, तर आखडलेल्या मानेसाठी. त्याचं खरं होतं. जिलानी मागे बसला होता. नेफ्ता दिसायला लागलं तेव्हा त्यानं पुढे वाकून माझ्या खांद्याला हात लावला, लगेच काढूनही घेतला.

म्हणाला, "तीन घरं राहिलीत. दमलास का?"

मी म्हटलं, नाही.